पेटवतंय कोण!

बडोद्यात पाइप ओढणारे किती, असं मानसिंगरावांना कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "हातात धरणारे चाळीस. ओढणारा एक नाही." हे सांगताना त्यांच्या वरच्या ओठाचा डावा कोपरा असा काही चढायचा, की समोरच्याच्या खिशात पाइप असलाच तर त्याने तो मुकाट्याने आणखी खाली दाबावा.

आणि मजा बघा, हे चाळीसच्या चाळीस पाइप मानसिंगरावांनीच केलेले! स्वतः करायचे, स्वतः विकायचे आणि घेणाऱ्याच्या पाठीमागे स्वतःच नाक मुरडायचं. असा दुकानदार तुम्ही पाहिला नसेल.

मानसिंगराव शितोळे बडोद्याच्या वाडी भागातले. पणजोबा संस्थानच्या फौजेत, आजोबा फौजेत. वडिलांची पाळी येईपर्यंत फौजच उरली नाही, तेव्हा वडील गिरणीत लागले. मानसिंगराव बडोद्याबाहेर सावली गावच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर झाले. पॅटर्नमेकर म्हणजे काय, ते सांगतो. लोखंडाचा पंप ओतायचा असेल तर आधी हुबेहूब तसाच लाकडाचा घडवावा लागतो. तो वाळूत दाबून साचा उठवायचा आणि त्या साच्यात तापलेला रस ओतायचा. ते लाकूड घडवणारा हा माणूस. छत्तीस वर्षं रोज सकाळी कंपनीची बस पकडून सावलीला जायचं आणि लाकडाशी झटायचं.

त्या कामात एक गोष्ट फार चांगली होती. तिथे कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. साहेब खूश असो की कपाळाला आठी घालून बसलेला असो, रस थंड झाला, वाळू झटकली की समोर निकाल. माप चुकलं असेल तर लोखंड तोंडावर सांगायचं. बरोबर असेल तर गुपचूप मशीनवर चढायचं. मानसिंगरावांना या सरळपणाची चटक लागली होती. शाबासकीची त्यांना कधी गरजच पडली नाही.

पुढे कंपनीत कॉम्प्युटरवर पॅटर्न कापणारं मशीन आलं. मानसिंगराव दोन वर्षं आधीच निवृत्त होऊन घरी बसले. घरी म्हणजे वाडीतल्या गल्लीतल्या तळमजल्याच्या खोलीत, एक छोटं लेथ, एक ड्रिल आणि छत्तीस वर्षांची पटाशी-कानशी घेऊन. शेजारणींची लाटणी दुरुस्त करायची, देव्हाऱ्याचे खांब कातायचे. मुलगा परगावी नोकरीला, घरात सून मिताली. ती सकाळी चहा द्यायला आली की म्हणायची, "बाबा, आज काय, पोळपाट?" आणि मानसिंगराव लेथकडे तोंड फिरवायचे.

अशात एक दिवस विक्रमसिंह आले. हे आपल्यातलेच, पण जरा वरच्या फांदीवर बसणारे. बंगला मोठा, नावामागे लावायला काही ना काही जुनं. हातात मखमलीच्या पिशवीत गुंडाळलेला दांडी तुटलेला पाइप. "मानसिंगराव, ब्रायर आहे. सांभाळून हं. आजोबांना साहेबाने दिलेला." कोणत्या साहेबाने ते ना त्यांना ठाऊक, ना त्यांच्या आजोबांना ठाऊक असेल.

पण लाकूड हातात घेतलं आणि मानसिंगराव ते उलटंपालटं करून बघतच राहिले. सागवान पाहिलं, शिसम पाहिलं, पॅटर्नसाठी पाइन तर पोत्याने कापलं. असं लाकूड कधी हाताला लागलं नव्हतं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीच्या आत वाढणारी गाठ. आगीला दाद देत नाही. ओल्या बोटाने पुसलं तर एका अंगाला उभ्या रेषाच रेषा, आणि तोच तुकडा वळवला की दुसऱ्या अंगाला बारीक बारीक डोळे. तुकडा कापण्याआधी त्यात काय दडलंय हे कोणालाच माहीत नसतं. रेषा जिकडे धावतील तिकडे पाइपने वळायचं. माणसाने आपली अक्कल पाजळायची नाही. मानसिंगरावांनी दांडी बसवून दिली आणि म्हणाले, "असे लाकडाचे तुकडे मागवून द्याल? एक करून बघतो."

तुकडे आले. पहिला पाइप केला तो चिंचेच्या बोटकासारखा, वाकडा, मध्ये दोन ठिकाणी फुगलेला. दुसरा करकोच्याच्या मानेसारखा. तिसऱ्याला नावच देता येईना. मितालीने फोटो काढून इंस्टाग्रामवर टाकले आणि बघता बघता पुण्यामुंबईहून फोन यायला लागले. "बाबा, लोक म्हणतात तुम्ही आर्टिस्ट आहात," मिताली म्हणाली. मानसिंगराव वरून "हूं" म्हणाले, पण त्या दिवशी एक पोळी जास्त जेवले.

एकच पंचाईत होती. स्वतः त्यांनी आयुष्यात तंबाखू तोंडात घेतली नव्हती. वडील विडीपायी खोकून खोकून गेलेले त्यांनी पाहिले होते, आणि लग्नाच्या पहिल्याच महिन्यात बायकोने आपल्या डोक्यावर त्यांचा हात ठेवून शपथ घातली होती. बायको आता नाही, पण शपथ आहे. तेव्हा पाइप तपासायचा कसा? तारेला समईची वात गुंडाळायची, दांडीतून आत सारायची. वात न अडखळता तंबाखू भरायच्या वाटीच्या तळाशी निघाली म्हणजे भोक सरळ. तोंडाने हवा ओढून बघायची. यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. तळाशी धूर कसा येतो, वाटी किती तापते, शेवटी ओल धरते का, हे सांगायला पेटवणारा माणूस लागतो. मानसिंगरावांना तेवढंच हवं होतं. पूर्वी लोखंड सांगायचं, आता कोणीतरी पेटवून सांगावं, बरोबर आहे की चुकलंय. बस.

तर विक्रमसिंहांनी काढलं मंडळ. नाव काय, तर 'बरोडा ब्रायर सर्कल'. दर रविवारी सकाळी त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात आठ-दहा जण जमायचे. हातात मानसिंगरावांचे पाइप आणि पुढ्यात चहा आणि लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा हिरवा चिवडा. पाइप तोंडाच्या कोपऱ्यात धरायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि बोलायचं. आणि बोलणं तरी कसलं! "याचा धूर फार कूल येतो." "माझा शेवटपर्यंत ड्राय राहतो, एकदम बटरी." "मानसिंगराव, तुमच्या हातात जादू आहे." मानसिंगराव पहिल्या वर्षी हे सगळं कान टवकारून ऐकायचे, घरी येऊन वहीत लिहून ठेवायचे. 'तिसरा पाइप: थंड. पाचवा: कोरडा.'

मग वर्षाने तेच पाइप पॉलिशला परत आले. मानसिंगरावांनी पहिल्याची वाटी उजेडाकडे धरली. आत लाकूड कोरं! ज्या दिवशी दिला त्या दिवशीसारखं. पाइप दहा वेळा जरी ओढला तरी वाटी आतून काळी होते, वर्षभरात काजळीचा थर बसतो. दुसरा बघितला, कोरा. पाचवा, बटरीवाला, तो तर इतका कोरा की त्यात मितालीने हळद ठेवली असती. एकालाही काडी लागली नव्हती. विक्रमसिंहांच्या हृदयात दोन स्टेंट, बँकेतून निवृत्त झालेल्या महाशयांना दमा, तिसऱ्याची बायको घरात अगरबत्तीसुद्धा लावू देत नाही. आणि हेच लोक दर रविवारी थंड धुराच्या गोष्टी सांगत होते!

मानसिंगराव आधी हसले. एकटेच, लेथच्या शेजारी बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी ती वही काढली, आपल्या अक्षरातलं 'थंड', 'कोरडा' वाचलं, आणि तिडीक मस्तकात गेली. एवढ्या मोठ्या माणसाला या लोकांनी खुळ्यात काढलं होतं. वही त्यांनी बंबात घातली.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती मानसिंगरावांना काही फारशी शोभणारी नाही.

ब्रायरमध्ये खड्डे निघतात. बाहेरून तुकडा धडधाकट, पण चार दिवस घासून आकार आणला की ऐन गालावर बारीक भोक उघडतं. कसलेला कारागीर असा पाइप एकतर बाजूला टाकतो, नाहीतर खड्डा तसाच दाखवून देतो. भरायचा मात्र नाही, कारण तापल्यावर भरणी फुटते. तसंच पॉलिशचं. पाइपला मेण चोळायचं, तेसुद्धा पातळ, लाकडाला श्वास राहील असं. मानसिंगरावांनी सुरुवातीला पंधरा-वीस पाइप असे फेकून दिले होते. जीव तुटायचा, पण फेकले.

वाटी कोरी बघितल्यावर मात्र त्यांनी हात आखडला नाही. मागच्या गल्लीत संखेडा गावच्या पद्धतीचं कातीव लाकूडकाम करणारा खरादी होता, झोपाळ्याचे खांब, पाळणे रंगवणारा. त्याच्याकडून त्यांनी लाख आणली. तीच, बांगड्यांची लाख. खड्ड्यात लाकडाचा भुसा आणि लाख दाबली, वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे सात हात फिरवले. पाइप असा चकाकला की त्यात तोंड बघावं. "पेटवला तर फोड येतील," खरादी गुजरातीत म्हणाला. मानसिंगरावांनी ओठाचा कोपरा वर चढवला. "पेटवतंय कोण!"

तो पाइप पाहून व्हरांडा वेडा झाला. विक्रमसिंहांनी तर त्या चकाकीचं नावच ठेवलं, 'बरोडा ग्लो'. पाइप दोन्ही हातांत धरून ते गहिवरून म्हणाले, "मानसिंगराव, लाखमोलाचं काम केलंत हो!" मानसिंगरावांना चहाचा असा ठसका लागला की दोघांनी पाठ चोळली. त्या दिवसापासून प्रत्येक पाइपला लाख. त्यांच्या मनात हा सगळा एक खाजगी विनोद होता, आणि रोज तो विनोद करताना त्यांना बरं वाटायचं. शंभर वेळा केलेला विनोद माणसाच्या हाताची सवय होऊन बसतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात निरुपमाबाई आल्या. समा भागातल्या एका सोसायटीत एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर मुलांना शिल्पकला शिकवलेल्या. घराणं दिवाणी कारभारातलं, वडील संस्कृतचे पंडित. खादीचा ढगळ कुर्ता, पायात रबरी चपला. वाडीच्या तोंडाशी रिक्षा सोडून चालत आल्या होत्या. फळीवरचा एक पाइप त्यांनी उचलला, वाटीत बोट घातलं, दांडीतून फुंकलं आणि डोळे मिटून अंगठा गालावरून फिरवत राहिल्या. कितीतरी वेळ. मानसिंगरावांनी लाकडाकडे असं बघणारं माणूस फाउंड्री सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

"आकार फार सुरेख करता," त्या म्हणाल्या. "मला एक हवाय. माझा जुना फुटला. कपाटासाठी नको हं, रोजच्यासाठी हवाय."

रोजच्यासाठी! आता हे वाक्य मानसिंगरावांनी चाळीस तोंडांतून ऐकलं होतं. आणि त्यातून या बाई, पंडितांची मुलगी, शिक्षिका. मुलांपुढे टेबलावर मांडायला, चित्र काढायला हवा असेल, त्यांनी ठरवून टाकलं. कोणासाठी, असं विचारलं असतं तर चाललं असतं. पण तुम्ही स्वतः ओढता का, हे आपल्यात कोण विचारतं बाईमाणसाला? जीभच उचलली नाही. विचारलं एवढंच, "कुठल्या हाताने धरता?"

"डाव्या." त्यांनी हात पुढे केला. छिन्नी-हातोडीने वाकडा झालेला अंगठा, त्याच्या पेरावर घट्टा.

मानसिंगरावांनी त्या अंगठ्यासाठी पाइप केला. खोटं कशाला बोला, इतक्या मनापासून त्यांनी कधीच काम केलं नव्हतं. साठवून ठेवलेल्यातला सर्वात चांगला तुकडा काढला. आंब्याच्या कोयीसारखा चपटा, एका अंगाला किंचित उतरता, आणि डाव्या गालावर अंगठा बसेल एवढी खळी. सहा दिवस लागले. सातव्या दिवशी शेवटची घासणी चालू होती, आणि त्या खळीच्या मधोमध खड्डा उघडला.

मानसिंगराव पाइप हातात घेऊन बसून राहिले. मितालीने दोनदा जेवायला हाक मारली. टाकायला जीव होईना, खड्डा दाखवून द्यायला लाज वाटत होती. एकदा मनात आलं, फोन करून विचारावं: बाई, खरंच पेटवणार आहात का? फोन हातात घेतला, ठेवला. मग नेहमीचा तो कोपरा वर चढला. "पेटवतंय कोण!" असं स्वतःशी म्हणून त्यांनी लाखेची डबी उघडली.

निरुपमाबाई पाइप घेऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या.

त्यांनी रुमाल उलगडला. पाइपच्या अंगावर फोड उठले होते, अंगभर, कांजिण्यांसारखे. डाव्या गालावरच्या खळीतली भरणी बाहेर आली होती आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता. मानसिंगरावांनी वाटीत बघितलं. काळी. चाळीस पाइपांत पहिली काळी वाटी! सगळी लाज बाजूला सारून त्यांनी विचारलं, "बाई, धूर कसा होता? थंड येत होता?"

"मला काय ठाऊक!" निरुपमाबाई कडाडल्या. "पाचव्या झुरक्याला बांगड्या जळाल्यासारखा वास सुटला. तंबाखूची चव कोणाला कळणार त्यात? सहाव्याला हा हाताला चिकटला." त्यांनी अंगठा दाखवला. घट्ट्याच्या खाली लाल डाग. "इतका सुंदर हात तुमचा, आणि वरून हा रेनकोट कशाला चढवलात?"

मानसिंगराव नखाने एक फोड खरवडत राहिले. ज्या उत्तरासाठी ते इतकी वर्षं जीव टांगून बसले होते, ते देणारं माणूस समोर उभं होतं, आणि ते उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने, सात हात फिरवून, बुजवून टाकलं होतं.

"तुम्हाला वाटलं मी पेटवणार नाही," निरुपमाबाई म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता, आणि तो जास्त लागला. "मी तीस वर्षं संध्याकाळी एक पाइप ओढते. डॉक्टर ओरडतात, ओरडू देत. मी शोकेसवाली बाई नव्हे हो, मानसिंगराव. पण तुम्ही केलंत मला. आता हा ठेवायचा तर कपाटातच." पाइप त्यांनी लेथवर ठेवला आणि रबरी चपला फटफट वाजवत गल्लीतून निघून गेल्या. पैसे मागितले नाहीत. दुसरा करा असंही म्हणाल्या नाहीत.

मानसिंगराव त्या रात्री जेवले नाहीत. मितालीने विचारलं, "बाबा, तब्येत?" तर म्हणाले, "छत्तीस वर्षांत माझा एक पॅटर्न असा परत आला नाही गं." आणि तोंड फिरवून बसले.

रविवारी तो फोडांचा पाइप खिशात घालून ते व्हरांड्यात गेले. ठरवूनच गेले होते. सांगून टाकायचं सगळं; शिव्या खाव्या लागल्या तर खायच्या.

विक्रमसिंह 'बरोडा ग्लो'वरून हात फिरवत बसले होते. "मानसिंगराव, आज राज फोडाच. या ग्लोमध्ये घालता तरी काय?"

"लाख," मानसिंगराव म्हणाले.

एकाने चहाचा कप खाली ठेवला. मग बँकेतले महाशय खाकरले. "लाख म्हणजे जरा... पण आर्ट आहे म्हटल्यावर. विचार करू आपण."

"अहो, किंमत नाही सांगत! लाख! बांगड्यांची, पार्सलच्या सीलची लाख. खड्डे बुजवलेत मी लाखेने. फसवलंय तुम्हाला!"

"म्हणजे नॅचरल रेझिन!" विक्रमसिंहांचे डोळे चमकले. "संखेड्याचं हेरिटेज फिनिश! अरे, हे आधी सांगायला नको?" आणि सगळे माना डोलवायला लागले. एकाने लगेच फोनमध्ये टिपून घेतलं.

काय करावं या लोकांचं! मानसिंगरावांनी खिशातून फोड आलेला पाइप काढून टेबलावर आपटला. "पेटवला की हे होतं. बघा! विश्वास नसेल तर तुमचा पेटवा. आत्ता. काडी आणा."

काडी कोणाकडेच नव्हती. दहा पाइपवाले, आणि एका खिशात काडेपेटी नाही! विक्रमसिंहांनी नोकराला हाक मारली. स्वयंपाकघरात गॅसचा लायटर होता, तो फक्त ठिणगी टाकणारा. शेवटी देवघरातून काडेपेटी आली, कुंकू लागलेली. ती टेबलावर ठेवली गेली आणि सगळे तिच्याकडे असे बघत बसले, जणू ती चावेल. तंबाखूसुद्धा तिथे नव्हती. चारी बाजूंनी तंबाखूची शेतं असलेला हा मुलूख, आणि पाइप मंडळात चिमूटभर तंबाखू नाही!

विक्रमसिंहांनी मात्र तो फोडांचा पाइप उचलून उन्हात धरला होता. "हे टेक्श्चर काय अफलातून आलंय," ते पुटपुटले. "मानसिंगराव, मला असाच करून द्या. फोड वगैरे, सगळं असंच."

"अहो, तो बिघडलाय! पेटवताच येत नाही तो!"

"पेटवतंय कोण!" विक्रमसिंह हसून म्हणाले.

मानसिंगराव उभेच राहिले. तेच शब्द, आणि विक्रमसिंहांच्या ओठाचा कोपरासुद्धा तसाच वर चढलेला. इतकी वर्षं ते या लोकांना हसत होते, आणि लाखेची डबी उघडताना त्यांच्यात आणि या व्हरांड्यात काडीइतकंही अंतर उरलं नव्हतं. त्यांनी विक्रमसिंहांच्या हातून पाइप काढून घेतला, जवळजवळ हिसकावूनच, आणि चहा न पिता पायऱ्या उतरले.

पुढचे नऊ दिवस वाडीतली ती खोली बंद होती. आतून कानशीचा आवाज यायचा. लाखेची डबी मितालीने उकिरड्यावर पाहिली.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मानसिंगराव स्कूटरवर समाला गेले. निरुपमाबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. मानसिंगरावांनी उंबऱ्याबाहेरूनच पाइप पुढे केला. तोच आकार, कोयीचा. नुसतं मेण. अंगावर चकाकी नाही, आणि डाव्या खळीच्या कडेला बारीक, उघडा खड्डा.

"हा?" बाईंचा अंगठा बरोबर तिथेच गेला.

"खड्डा आहे. लाकडाचाच. भरला नाही."

निरुपमाबाईंनी दोनदा अंगठा फिरवला. "असू दे. अंगठ्याला खूण सापडते," असं म्हणून त्यांनी आत एक स्टूल दाखवलं.

त्या गॅलरीत बसल्या. तंबाखू भरली, दोन काड्या लागल्या. मानसिंगराव स्टुलावर, हात गुडघ्यांवर. वाळू झटकायच्या आधीची ती दोन मिनिटं त्यांना आठवत होती. इथे अर्धा तास गेला. धूर सोसायटीच्या कडुनिंबाकडे जात राहिला. शेवटी त्यांनी राख झटकली, वाटी कानाशी हलवली, दांडीतून एकदा ओढलं आणि कपाळाला आठी घातली.

"शेवटी गुरगुरतो. तळाला ओल राहते. तुमचं भोक तळाच्या वर निघालंय, मानसिंगराव."

"किती?"

"अर्धा सूत असेल."

अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग. मानसिंगरावांनी खिशातून तार काढली, वात गुंडाळलेली, आणि गरम पाइपमध्ये सारून मापली. बोट चटका बसेपर्यंत वाटीत फिरवलं. "अर्धाच," ते म्हणाले. "बरोबर सांगितलंत बाई. अर्धा सूत चुकलंय माझं."

"एवढं काय त्यात, पुढच्या वेळी खाली घ्या," निरुपमाबाई म्हणाल्या, आणि पाइप त्यांच्या हातातून काढून आपल्या खिशात टाकला. "हा मी ठेवतेय. चुकलाय, पण पेटतो."

घरी आल्यावर मानसिंगरावांनी हात धुतले नाहीत. ताट वाढताना मितालीने बघितलं, तर त्यांची तर्जनी पेरापर्यंत काळी, मतदान करून आल्यासारखी. "हे काय बाबा?" तिने विचारलं.

"काजळी," मानसिंगराव म्हणाले. त्यांनी ते बोट तिच्यापुढे उजेडात धरलं आणि पहिल्यांदा त्यांच्या ओठाचे दोन्ही कोपरे वर चढले. "भोक चुकलं गं माझं. अर्धा सूत!" आणि डाव्या हाताने पोळी मोडायला बसले.